वाट्याचं दूध

रम्स, ९ जानेवारी २०२५

मौलवी आदम लेब्बे यांना सलाम.

हे पत्र फाडण्याआधी एवढं पाहा, की ते अरबीत आहे. आपली उम्मा सांगते, आदम अरबी अक्षरांचा कागद फाडत नाही, जमिनीवर पडू देत नाही, आणि एकदा हाती आला की शेवटपर्यंत वाचतो. मदरशात मुलांना अरबी व्याकरण शिकवणाऱ्या माणसाकडून मीही एवढी अपेक्षा ठेवते. तीन वर्षं तुम्ही स्वतःच्या आईचा फोन घेतलेला नाही, म्हणून हा आडरस्ता.

मी अफ्रा, खमीसची मुलगी. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण माझं नाव ऐकून तुमचे कान किटले असणार. माझेही तुमचं नाव ऐकून किटलेत. लहानपणी मी ताटात भात टाकला की उम्मा म्हणायची, "आदमने टाकला नसता." मी अभ्यासाला कंटाळले की आदम दिव्याखाली बसून वाचतोय. मला ताप आला आणि मी औषध थुंकलं, तर आदम कडू काढा गटागटा पितो. तुम्ही कसे दिसता हे ठाऊक नसताना मी तुमचा इतका राग केला आहे, की आता तुमच्याकडे काही मागताना जीभ अडखळते.

पण मागायचं आहे. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा सांगते. उम्मा आमच्याकडे स्वयंपाकाला म्हणून आली तेव्हा तुम्ही चार महिन्यांचे होता, काट्टानकुडीत आजीजवळ. त्याच आठवड्यात माझी आई मला जन्म देऊन गेली. डब्याचं दूध मी ओकून टाकायचे. उम्माचं दूध अजून आटलं नव्हतं. माझ्या वडिलांनी इमामाला विचारलं, आणि श्रीलंकेत तुमच्या वडिलांना पत्र धाडून विचारलं. दोघांनी हो म्हटलं. तुमच्या वडिलांचं उत्तर यायला महिना लागला, तोवर इमामाच्या होकारावर भागलं, नाहीतर हे पत्र लिहायला मी उरले नसते. तेव्हापासून ती माझी दूधआई आणि तुम्ही माझे भाऊ. हे तुम्हाला नाकारता यायचं नाही मौलवीसाहेब, कारण ते तुमच्याच किताबात आहे.

आता कामाचं. दुबई आणि अबू धाबीत विम्याचं जुनंच होतं, ते या नव्या वर्षापासून आमच्या रास अल खैमालाही लागू झालं. बाहेरदेशच्या कुठल्याही कामगाराचा राहण्याचा परवाना आरोग्य विम्याशिवाय नवा होत नाही. दुकान असो की घर, ज्याने माणूस कामावर ठेवलं त्यानेच विमा काढायचा, आणि तो खर्च कामगाराच्या पगारातून कापायचा नाही. माझं अबायांचं दुकान आहे, तिथल्या तिन्ही शिंप्यांची कार्डं झाली. राहिली आपली उम्मा. तिचा परवाना फेब्रुवारीअखेर संपतो.

घरच्या माणसाचा विमा काढताना नातं विचारतात. नवरा, बायको, मुलं, आईवडील. दुधाच्या नात्यात निकाह होत नाही एवढं ते पक्कं, पण विम्यात त्याला रकानाच नाही. म्हणजे कागदावर ती माझी कामगार आणि मी तिची मालकीण. पासष्टीच्या आसपासच्या माणसांना तब्येतीची माहितीही लिहून द्यावी लागते, डॉक्टरांच्या अहवालासकट. आणि तब्येत ठीक नाही. तिची मूत्रपिंडं थकली आहेत. पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो. डॉक्टर म्हणाले, यंत्रावर रक्त धुवायची वेळ अजून आलेली नाही, पण फार लांबही नाही. उपचार इथेच सुरू आहेत आणि इथेच पुढे चालायला हवेत.

कागद तयार आहेत. तिची सही हवी. ती देत नाही.

"आदमला विचार," म्हणते. "तो हो म्हणाला तर करते."

मी म्हटलं, तो फोन उचलत नाही. त्यावर म्हणाली, मग पत्र लिही, तू शाळेत गेली आहेस ना. चाळीस वर्षं या घरात प्रत्येक गोष्टीत तिचंच चाललं आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

सोबत परतीचं पाकीट आहे, कुरिअरवाल्याला फक्त द्यायचं. एक शब्द लिहा. हो.

अफ्रा बिन्त खमीस


रम्स, २५ जानेवारी

मौलवीसाहेब,

पाकीट आलं. मी आणि उम्माने ते स्वयंपाकघरात उघडलं. 'हो' नाही, 'नाही' नाही, तुमचं एक अक्षर नाही. माझंच पत्र, लाल शाईने तपासलेलं.

आधी मला इतका संताप आला, की उम्माला न सांगता ते चुलीत घालावं वाटलं. मग पाहिलं तर चुका खरंच होत्या. क्रियापद स्त्रीलिंगी हवं तिथे मी पुल्लिंगी लिहिलं, हमजाचं चिन्ह चुकीच्या जागी बसवलं. आमच्या बाईंनी शाळेत एवढ्या बारकाईने वही कधी तपासली नव्हती. उम्माला दाखवलं तेव्हा ती खुदकन हसली आणि लाल खुणांवरून बोट फिरवत राहिली. "अक्षर बघ कसं आहे," म्हणाली. ते तर माझं अक्षर होतं. तिला म्हणायचं होतं, दुरुस्तीचं.

तुम्ही तिची अरबी ऐकली तर तिथेच घेरी येऊन पडाल. चाळीस वर्षांत तिने आमच्या भाषेतलं पुल्लिंग स्वीकारलेलं नाही. माझा नवरा गानिम तिच्या तोंडी 'ती' आहे, मशिदीचा इमामही 'ती'. आणि आम्ही तरी काय, आम्हा अरबांच्या तोंडात 'प' नाही. तुमच्या आईचं पात्तुमुत्तु हे नाव आमच्या घरात पहिल्याच दिवशी बत्तू झालं, आणि मला बोलता यायला लागल्यावर बत्ता, म्हणजे बदक. आजही माझी मुलं तिला बदकआजी म्हणतात, आणि पाय सुजल्यापासून ती चालतेही तशीच. हे मी तिच्यासमोर बोलले, तिने लाटणं फेकलं.

एक दुरुस्ती मात्र व्याकरणाची नव्हती. मी जिथे जिथे 'आपली उम्मा' लिहिलं, तिथे तिथे तुम्ही 'आपली' खोडून वर 'माझी' लिहिलंत. समजलं. यापुढे तुमची उम्मा लिहीन.

तर तुमच्या उम्माच्या कागदांची गोष्ट ऐका, म्हणजे माझ्याहून मोठे अडाणी जगात आहेत हे कळेल. हे सगळे अर्ज टायपिंग सेंटरमध्ये भरून घ्यावे लागतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोइदीन नावाचा केरळी माणूस ते सेंटर चालवतो. हुद्द्याच्या रकान्यात आजवर 'घरकामगार' असायचं. मला ते नकोसं झालं. जिच्या अंगावर मी वाढले, तिला त्या कार्डावर मोलकरीण कशी म्हणू? मी मोइदीनला म्हटलं, मुर्दिआ लिही. दूध पाजणारी. तो म्हणाला, असा हुद्दा यादीत सापडायचा नाही. मी म्हटलं, शोध. त्याने शोधलं आणि खुशीत म्हणाला, "सापडला मॅडम." मीही न वाचता पैसे देऊन घरी आले.

सहीआधी हुद्दा तपासायला पाठवलेला अर्ज परत आला. त्याने मुर्दिआऐवजी मुमर्रिदा निवडलं होतं. म्हणजे नर्स. खात्याने विचारलं होतं की या बाईंचा नर्सिंगचा परवाना कुठे आहे, आणि घरात नर्स कुणासाठी लागते.

गानिम हसून हसून खोकायला लागला. म्हणाला, तिसरा शब्द मरीदा होता, आजारी बाई, तो तरी निवडायचा, निदान खरं झालं असतं. मोइदीनकडे जाऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, दोन्हींत म, र, द आहे. मी मलप्पुरमचा माणूस, मला जवळचं वाटलं ते घेतलं."

घरी आले तर उम्मा भाजी निवडत होती. तिला सांगितलं.

"लिही ना मोलकरीण," ती म्हणाली. "काम केलंय मी. फुकट बसून खाल्लंय का?"

"मला बरं वाटत नाही तसं लिहायला."

"तुला लाज वाटते म्हणून माझा हुद्दा कशाला बदलतेस? माझं काम मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मोइदीनकडे जाऊन घरकामगार लिहून घेतलं. या सगळ्यात दहा दिवस गेले, हात दाखवून अवलक्षण.

आणखी एक सांगते, कारण तुम्ही मालकांचा भरवसा धरत नसाल. गानिमचा एक मित्र म्हणाला, मूत्रपिंडाचं लिहूच नका, पाय सुजतात वयामुळे म्हणा, कार्ड हाती आलं की मग बघू. मी ऐकलं नाही. उद्या इस्पितळात अहवाल पाहून कुणी म्हणालं की आजार लपवला होता, तर पलंगावर झोपलेल्या बाईचं कार्ड काय कामाचं? मी सगळं खरं लिहिलं आहे, डॉक्टरांच्या अहवालासकट. हे ऐकून उम्मा घाबरली. आजारी कामगाराला घरी पाठवतात हे तिच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. तिला मी समजावलं की आता विमा याच्यासाठीच असतो. तिने मान हलवली, पण सही केली नाही.

"आदमचं उत्तर आलं का?" एवढंच विचारते. मी तिला सांगितलं, आलं, लाल शाईत, त्यात उत्तर नव्हतं.

दुसरं परतीचं पाकीट जोडलं आहे. या पत्रातही चुका असतील, त्या जरूर काढा. पण त्यातच कुठेतरी हो लिहा.

अफ्रा


रम्स, ९ फेब्रुवारी

मौलवीसाहेब,

या वेळी समासात तुम्ही स्वतःची दोन वाक्यं लिहिलीत. पहिलं मी तीनदा वाचलं. मुमर्रिदा आणि मरीदा हे शब्द एका धातूतून येतात, आजारातून. मुर्दिआचा धातू वेगळा, तो दुधाचा. अक्षरं सारखी दिसली तरी शब्द एका घरातले नाहीत, मुलांना हे पहिल्या वर्षी शिकवतात. मी हे मोइदीनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुमचे भाऊ फार विद्वान आहेत, त्यांनी येऊन अर्ज भरावेत.

दुसरं वाक्य प्रश्न होता. तिला प्रवास झेपेल का?

हा प्रश्न तुम्ही विचारू नये असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की उपचार इथेच पुढे चालायला हवेत. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून तुम्हीही खूण केली नाहीत. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. झेपेल. डॉक्टरांना मी डिसेंबरातच विचारलं होतं. ते म्हणाले, आत्ता विमानात बसू शकतात, सहा महिन्यांनंतरचं सांगता येणार नाही, आणि तिकडेही मूत्रपिंडाचे डॉक्टर आहेत. इथला विमा तिकडे चालणार नाही, कार्ड या देशाच्या वेशीपर्यंतच. पण औषधांचे पैसे मी पाठवीन, शेवटपर्यंत पाठवीन, त्याला कुठल्याही कायद्याची गरज नाही.

हे मी आधी का लिहिलं नाही ते तुम्हाला कळलं असेल. मला ती इथे हवी आहे. सकाळी उठल्यावर स्वयंपाकघरात ती दिसली नाही तर मी एकेचाळीस वर्षांची बाई घरभर तिला शोधत फिरते.

तुमचं पत्र वाचून मी तिच्यासमोर बसले आणि सगळं खरं सांगितलं. म्हटलं, दोन्ही रस्ते मोकळे आहेत. जायचं असेल तर रमजानच्या आधी तिकीट काढते, मी स्वतः पोचवायला येते. आदमने खोली बांधून ठेवली आहे, पूर्वेला खिडकी आहे, तूच मला सांगितलंस. दर वर्षी पुढच्या वर्षी कायमची जाते म्हणालीस आणि गेली नाहीस, म्हणून त्याने फोन घेणं सोडलं. त्याचं काय चुकलं?

ती मसूर निवडत होती, ते निवडत राहिली. मग जे बोलली ते तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं, आणि तुम्हालाही सांगितलं नसावं.

म्हणाली, "तिकडे गेले की सून मला पळीला हात लावू देत नाही. चांगली आहे बिचारी. खुर्ची देते, चहा देते, कपात बशी देते. नातवंडं दारातून बघतात, कोण आलंय म्हणून. मी माझ्या घरी पाहुणी असते, अफ्रा. महिनाभर पाहुणी राहून परत येते."

"मग इथे राहा. सही कर."

"ते नाही करता येत."

"का?"

तिने ताट बाजूला ठेवलं. "कारण तू हे का करतेस ते मला कळतं. मोलकरणीसाठी कुणी दोनदा अर्ज भरत नाही, रात्री उठून पाय चोळत नाही. तू हे दुधासाठी करतेस. पण ते दूध माझं नव्हतं. ते आदमसाठी आलं होतं. तो तिकडे शेळीच्या दुधावर राहिला आणि मी त्याचं दूध इथे दुसऱ्या पोराला पाजलं. त्याच्या बापाला विचारलं, इमामाला विचारलं. ज्याचं होतं त्याला कुणी विचारलं नाही. तेव्हा तो बोलू शकत नव्हता. आता त्याच दुधाच्या बदल्यात मी औषध घेऊ, माझा जीव वाचवू? त्याने ते दूध माफ करून हलाल केल्याशिवाय नाही. तो नाही म्हणाला तर मी नाही घेणार."

मी म्हटलं, हा वेडेपणा आहे, असा हिशेब कुणी करत नाही. ती म्हणाली, "तो मौलवी आहे, त्याला कळेल."

म्हणजे तिला तुमची परवानगी हवी होती असं मी समजत होते, ते चूक होतं. तिला माफी हवी आहे, आणि तीही चाळीस वर्षांपूर्वीच्या चार महिन्यांच्या मुलाकडून. तिकडे आली तरी औषधाचे पैसे माझेच असणार, तेही ती घेणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं आणि तितकाच रागही येतो. राग कुणाचा ते सांगता येत नाही. तुमचा नाही. एवढी वर्षं मी तुमचा राग उगाच करत आले हे त्या मसुराच्या ताटासमोर बसल्यावर कळलं. ती तुमचं नाव घेऊन मला जेवू घालायची, कारण तुम्हाला घालता येत नव्हतं.

तर आता मी सरळ तुमच्याशी बोलते, मालकीण म्हणून नाही. तुमच्या वाट्याचं दूध मी प्यायले. मला विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं, तसं तुम्हालाही नव्हतं. मी ते परत करू शकत नाही. तुम्ही ते हलाल करा किंवा करू नका, तो तुमचा हक्क आहे, त्यावर मी शब्द बोलणार नाही. तिला तिकडे बोलवा किंवा इथे राहू द्या, तेही तुम्ही सांगा. तुम्ही बोलवलंत तर मी तिची पेटी भरीन आणि तुमच्या दारापर्यंत आणून पोचवीन. फक्त गप्प बसू नका. तुम्ही गप्प राहिलात तर ती औषधाविना इथेच बसून राहील आणि म्हणत राहील, आदमचं उत्तर यायचं आहे.

महिनाअखेर जवळ आली आहे.

अफ्रा


रम्स, २३ फेब्रुवारी

आदमभाऊ,

काल दुपारी पाकीट आलं. मी दुकानात होते. उम्माने कुरिअरवाल्याकडून घेतलं आणि मी येईपर्यंत मांडीवर घेऊन बसून राहिली. बदकआजी आज उठत का नाही म्हणून मुलं दोनदा येऊन पाहून गेली.

उघडलं. माझंच पत्र, पण या वेळी कोरं. सुरुवातीलाच एक हमजा चुकला होता, तो मलासुद्धा दिसला, तुम्ही सोडून दिलात. दुसऱ्या पानावर क्रियापद घसरलं होतं, तेही तसंच. मला धसका बसला. वाटलं, रागाने लेखणीच उचलली नाही.

मग शेवटच्या पानावर लाल दिसलं, एकाच जागी. 'तुमच्या वाट्याचं दूध मी प्यायले' या ओळीत तुम्ही 'तुमच्या' खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'आपल्या'.

उम्मा म्हणाली, "काय लिहिलंय? नाही म्हणाला?"

मी ती ओळ वाचली. आधी माझी, मग तुमची.

"लाल शाईत आहे?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे आधी लिहिलं होतं ते चूक होतं."

"हो, उम्मा. माझी चूक होती."

"बरोबर काय ते परत वाच."

मी परत वाचलं. आपल्या वाट्याचं दूध. तिने आणखी एकदा वाचायला लावलं, मग स्वतःशीच तमिळमध्ये काहीतरी बोलली. मला तिची तमिळ थोडी कळते, पण ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते तिने तुमच्याशी बोललेलं होतं. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली की मास्तरकीत मुलाचं अक्षर बिघडलं आहे, आधी याहून चांगलं होतं.

समासात खाली तुम्ही लिहिलंत ते वाचायला आम्हाला उशीर झाला. "तिने सही करावी. खोली तशीच राहील. ईदनंतर मी स्वतः येऊन तिला भेटेन, मग ठरवू." येणाऱ्या पाहुण्याच्या अर्जातही नातं विचारतात, मी आजच मोइदीनला विचारून आले. त्याला म्हटलं, भाऊ लिही, आणि या वेळी यादीत जवळचं वाटेल ते निवडू नकोस.

सही आज सकाळी झाली. तिने चष्मा पुसला, हात धुतले, कागदाखाली माझ्या मुलाची वही ठेवली आणि तमिळमध्ये सावकाश पूर्ण नाव लिहिलं, 'प'सकट. हुद्द्याच्या रकान्यात घरकामगारच आहे. तिने तो रकाना बोटाने दाखवून विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं. तिने मान हलवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मोइदीनने आजच तो पाठवला. कार्डाला काही दिवस लागतील, आणि यंत्राची वेळ आली तर किती दिवसांचा खर्च मिळेल ते विमा कंपनी अहवाल पाहून सांगेल. पण आता विचारायला दार आहे.

हे पत्र पोचेल तो दिवस कुरिअरवाल्याकडून कळेल मला. त्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर ती तुम्हाला फोन करणार आहे. काय बोलायचं ते कालपासून ठरवते आहे आणि दर वेळी पुसून टाकते आहे. तिची अरबी ऐकावी लागेल म्हणून घाबरू नका, तमिळमध्येच बोलेल.

उचला.

तुमची बहीण,
अफ्रा